लांबून शिकवलेली नजर

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की डाळजच्या पाट्या दिसू लागतात. डाळज एक नाही. नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन अशी तीन गावे आहेत. एका अंगाला उजनी धरणाचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला ऊस आणि जवळून महामार्ग. इथल्या मुलाला डिझाइन शिकायचे तर पूर्वी पुणे-मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता पवईच्या आयआयटीतल्या प्राध्यापकांचे धडे मोबाइलवर फुकट मिळतात, आणि पैसे मोजायची तयारी असेल तर काही महिन्यांत ‘डिझायनर’ करून देणाऱ्या वर्गांच्या जाहिरातींना तोटा नाही. तरी तक्रार सगळीकडून एकच ऐकू येते की हे शिक्षण वरवरचे राहते. मुलाला सॉफ्टवेअरची बटणे पाठ होतात, पण अमुक अक्षर इथे का आणि तमुक रंग तिथे का, असे विचारले की तो गप्प बसतो. याचे खापर बहुधा माध्यमाच्या नवेपणावर फोडले जाते. शिक्षकांना सवय नाही, नेट तुटते, मोबाइलचा पडदा लहान पडतो, वगैरे. मला हे निदान पटत नाही. नजर आणि हात लांबून शिकवण्याचा उद्योग महाराष्ट्रात दोनशे वर्षांच्या घरात पोचला आहे आणि त्यातला एक मोठा प्रयोग खुद्द डाळजच्या इंदापूर तालुक्यात झाला. हा इतिहास पाहिला तर दिसते ते असे, की साहित्य किती चांगले होते यावर शिक्षणाची खोली क्वचितच ठरली. शिकणाऱ्याचे अर्धेमुर्धे, चुकलेले काम कोणी पाहिले, किती वेळा पाहिले आणि किती लवकर पाहिले, यावर ती ठरत आली.

इंदापूरचा प्रयोग चित्रकलेचा नव्हता, शेतसाऱ्याचा होता. पेशवाई बुडाल्यावर दहाएक वर्षांनी रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागातल्या जमिनींची मोजणी आणि प्रतबंदी, म्हणजे कसानुसार वर्गवारी, हाती घेतली. विलायतेत तेव्हा नव्याने गाजत असलेल्या अर्थशास्त्राचा त्याच्यावर पगडा होता. शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्यातले शेकडा ५५ सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर ही योजना इतकी बारकाईची होती की तिच्यात खोट काढणे अवघड. खोट निघाली ती शेतात. खालच्या कारकुनांनी ठरवलेल्या प्रती भरवशाच्या नव्हत्या, लाचलुचपत बोकाळली होती, आणि बांधावर जाऊन त्यांचे काम ताडून पाहणारी माणसे पुरेशी नव्हती. त्यात धान्याचे भाव पडले आणि कुणबी जमिनी टाकून जाऊ लागले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर अशी जोडी इंदापुरात कामाला लागली. त्यांची नवी आकारणी १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीने लागू झाली. पुढे मुंबई इलाखाभर पसरलेल्या रयतवारी पैमाशीचा उगम इंदापूर तालुक्यातला आहे, हे तालुक्यातही फारसे कोणाला ठाऊक नसते.

यात शिकवण्याचा प्रश्न आला कुठे, तर तो असा. गावोगाव विखुरलेल्या कारकुनांनी एकच माती पाहून एकच उत्तर दिले पाहिजे. एकाला जी जमीन बारा आण्यांची वाटते ती दुसऱ्याला आठ आण्यांची वाटली तर सगळा डोलारा कोसळला. इंदापुरात सुरू झालेली आणि पैमाश अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झालेली पद्धत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कारकुनाने शेताचा अंदाजी नकाशा काढायचा आणि त्याचे चौकटींसारखे भाग पाडायचे. प्रत्येक भागात मातीची जात ठरवायची. काळी, एकसारख्या बारीक पोताची ती पहिली. तांबूस, जरा भरड ती दुसरी. मुरमाड, सुटी ती तिसरी. मग खोली हातांत मोजायची. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, एक हात असेल तर दहा, पावच हात असेल तर साडेचार. त्यानंतर दोष पाहायचे. चुनखडी मिसळलेली आहे का, वाळू आहे का, उतार आहे का, पाणी साचते का, ओढ्याच्या पाण्याने वरची माती धुऊन जाते का. प्रत्येक दोषाला जमीन एक वर्ग खाली उतरायची, आणि त्या दोषाची ठरलेली खूण त्या चौकटीत पडायची. अशा सगळ्या चौकटींची सरासरी म्हणजे शेताची प्रत.

या कागदाचे महत्त्व त्यावरच्या शेवटच्या आकड्यात नाही. कारकुनाने नुसता ‘नऊ आणे’ एवढाच शेरा लिहून दिला असता तर वरच्या अधिकाऱ्याला तो एक मान्य तरी करावा लागला असता किंवा फेटाळावा लागला असता. चौकटींच्या कागदावर मात्र निर्णयाची प्रत्येक पायरी उघडी पडलेली असे. अधिकारी कामातला ठरावीक हिस्सा घेऊन स्वतः शेतात जाई आणि मग चूक कुठे झाली ते बोट ठेवून सांगता येई: खोली मोजायला चुकलास, की चुनखडी नजरेतून सुटली, की तांबडीला काळी म्हणालास. आज डिझाइनच्या चांगल्या शाळेत ज्याला ‘क्रिट’ म्हणतात, म्हणजे भिंतीवर लावलेल्या कच्च्या कामासमोर उभे राहून शिक्षकाने केलेली चिरफाड, त्याचा गाभा हाच आहे. प्रिंगलच्या योजनेत ज्ञान भरपूर होते, पण ते लांबच्या माणसाच्या नजरेत उतरले की नाही हे पाहण्याची सोय तोकडी होती. पुढच्या जोडीने सिद्धान्त सैल केला आणि तपासणी घट्ट केली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की माती पारखणे म्हणजे डिझाइन नव्हे. तिथे उत्तर एक असते, इथे उत्तरे अनेक. खरे आहे. पण डिझाइनच्या शिक्षणाचा पहिला मोठा टप्पा पाहण्याचाच असतो. दोन अक्षरांमधली मोकळी जागा जास्त झाली आहे हे ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी अनेक उत्तरांचे दार उघडतच नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ही सगळी यंत्रणा वसुलीची होती, शिक्षणाची नव्हती. १८६७ च्या सुमारास इंदापुरात तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी झाली तेव्हा सारा वाढला, त्यावरून पुढे बरेच काहूर उठले, आणि १८७५ च्या मे महिन्यात इथून जवळच्या सुप्यातून सावकारांच्या विरोधातले दख्खनचे दंगे सुरू झाले. तेव्हा विंगेट-गोल्डस्मिड यांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे. सरकारला पैसा हवा होता, म्हणूनच तपासणीवर खर्च करणे त्याला परवडले. शिक्षणाच्या बाबतीत तोच खर्च सरकारने टाळला, आणि त्याचे फळ मुंबईच्या कलाशाळेच्या इतिहासात दिसते.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मार्च १८५७ मध्ये मुंबईत चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. त्याचेच पुढे सर ज. जी. कला विद्यालय झाले. त्या काळात लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनची पद्धत जोरात होती, आणि मुंबईच्या शाळेवरही तिचीच छाप होती. तिथल्या सरकारी कलाशिक्षणाचे सूत्रधार हेन्री कोल यांच्या खात्याने चित्रकलेचे दोन डझनांच्या आसपास टप्पे पाडले होते. विलायतेतल्या गावोगावच्या शाळांना छापील नमुने आणि प्लास्टरच्या मूर्तींचे साचेबंद तुकडे पाठवले जात, मुले त्यांच्या हुबेहूब नकला करत, नकला लंडनला जात, आणि निकालावर शाळेचे अनुदान ठरे. डिझाइनचे दूरशिक्षण म्हणून याहून पद्धतशीर काम तोवर कोणी केले नसेल. नेमकी त्यामुळेच त्याची उणीव ठळक दिसते. लंडनला पोचे ते संपलेले काम. मूल कुठे अडखळले, कोणती रेघ तीनदा पुसली, हे परीक्षकाला कळण्याचा मार्गच नव्हता. मग शाळाही न अडखळणारी मुले तयार करू लागल्या. कपाळावर आठी न पाडता तासन्‌तास एकच पान घोटणारी मुले.

आपल्याकडच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा त्याच घराण्यातल्या आहेत. कलासंचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले, परीक्षांची परंपरा मात्र इंग्रजी अमदानीतली. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण त्यांचे उपकारही मान्य केले पाहिजेत. जिथे रंगाची पेटी विकत घेणे ही चैन होती अशा खेड्यांतून या परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातात ब्रश दिला. आजही दरवर्षी लाखो मुले बसतात आणि दहावीला सवलतीचे गुण मिळवतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, भूमिती-अक्षरलेखन यांच्या जोडीला त्यात संकल्पचित्राचा पेपर असतो. म्हणजे डिझाइन हा विषय डाळजसारख्या गावात ऑनलाइनच्या कितीतरी आधी पोचलेला आहे. ठरावीक आकारात पाने, फुले किंवा भौमितिक आकार बसवा आणि मोजक्या रंगांत रंगवा, असा प्रश्न. मुले काय करतात? बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकातले एक नक्षीकाम आधीच पाठ करून जातात. चौकोन विचारला तर चौकोनात, वर्तुळ विचारले तर वर्तुळात तेच कोंबतात. यात मुलांचा दोष कमी आहे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा जातो, अ, ब, क अशी श्रेणी परत येते, चित्र परत येत नाही. तपासणाऱ्याची जाणकार नजर आणि मुलाचा हात यांची गाठ पडत नाही. जी परीक्षा फक्त पूर्ण झालेला कागद मोजते, तिच्यासाठी पाठांतर हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

मुंबईच्या त्याच कलाशाळेत जिथे काम खोल गेले तिथे व्यवस्था निराळी होती. १८६६ च्या सुमारास तिथे तीन कार्यशाळा निघाल्या. शिल्पकामाची लॉकवुड किपलिंग यांच्या हाताखाली, सजावटीच्या चित्रकामाची जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली आणि घडीव लोखंडाची हिगिन्स यांच्या हाताखाली. ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधले जात असताना दगडातले मोर-माकडे आणि पानाफुलांचे नक्षीकाम याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातून उतरले. नक्कल अजिंठ्यातही होतीच, केन्सिंग्टनच्या नमुन्यांसारखीच. फरक एवढाच की गुंफेत मास्तर शेजारी होता, आणि रेघ भिंतीवर कशी आहे व कागदावर कशी चुकली हे तिथल्या तिथे ताडता येत होते.

शाळेबाहेरचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या अक्षरांचे आहे. जावजी दादाजी चौधरी लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले. शाळेचे शिक्षण बेताचे. पुढे त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचे देवनागरी टाइप इतके देखणे निघाले की संस्कृत ग्रंथांच्या छपाईत त्यांचे नाव देशाबाहेर गेले. हा माणूस स्वयंशिक्षित होता असे म्हणण्याची आपल्याला फार हौस. पण छापखान्यात बिघडलेला टाइप गुपचूप खपत नाही. प्रूफ निघाले की वेलांटी तुटलेली दिसते, जुळारी ओरडतो, मालक फेकून देतो. रोज कित्येकदा कच्चे काम तपासले जाण्याची ती शाळाच होती, फक्त तिच्या दारावर शाळेची पाटी नव्हती.

एकलव्याचा दाखलाही असाच दिला जातो: गुरू जवळ नसताना तो शिकलाच ना? शिकला, कारण बाण लागला की चुकला हे लक्ष्यच त्याला सांगत होते. डिझाइनमध्ये असे लगेच बोलणारे लक्ष्य नसते. पडद्यावर केलेले पोस्टर बाण चुकल्यावरही तितकेच चकचकीत दिसते, उलट चकचकीतपणा हल्ली सॉफ्टवेअरच पुरवते. म्हणून लक्ष्याचे काम करणारा माणूस इथे जास्त लागतो.

आता आजच्याकडे येऊ. आयआयटी मुंबईत औद्योगिक डिझाइनचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. देवनागरीला संगणकावर आणणारे र. कृ. जोशी, ज्यांचा ‘मंगल’ फाँट विंडोजमुळे घरोघरी पोचला, ते तिथे शिकवत. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याच्या राष्ट्रीय अभियानातून याच केंद्राने अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि आयआयटी गुवाहाटी यांच्यासोबत ‘डी-सोर्स’ हा प्रकल्प उभा केला. देशभरातल्या हस्तकलांच्या नोंदी, अभ्यासक्रम, चित्रफिती यांचा तो मोठा आणि मोफत साठा आहे. काम पहिल्या दर्जाचे आहे, आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण साठा म्हणजे शाळा नव्हे. २०१७ पासूनच्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरही व्याख्यान ऐकायचे, बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, हीच मुख्य वाट आहे. बहुपर्यायी प्रश्नांनी डिझाइन तपासता येत असते तर प्रिंगलचे तक्तेही पुरले असते.

दूर राहून हे जमतच नाही, असे मात्र नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७५ मध्ये ‘मॅन-मेड फ्यूचर्स’ या नावाचा डिझाइनचा अभ्यासक्रम काढला. नायजेल क्रॉस हे त्यामागचे एक प्रमुख नाव. साधने होती टपाल, छापील पुस्तिका आणि बीबीसीचे कार्यक्रम. म्हणजे आज डाळजच्या मुलाच्या हातात आहे त्याच्या मानाने काहीच नाही. पण त्या विद्यापीठाची रीत अशी होती की प्रत्येक विद्यार्थ्याला नेमलेला शिक्षक असे, आणि स्वाध्याय केवळ गुण घालून न येता समासात टिपणे लिहून परत येई. पुढे त्यांनी ऑनलाइन स्टुडिओ काढला तेव्हाही विद्यार्थ्यांनी काम चालू असतानाच ते तिथे मांडावे, यावर भर ठेवला. आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही १९८९ पासून अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे यांचे जाळे विणले आहे. म्हणजे रीत आपल्याला अनोळखी नाही, डिझाइनसाठी ती वापरलेली नाही एवढेच.

खरा आक्षेप खर्चाचा आहे. मुले लाखो, जाणकार शिक्षक मूठभर. जमणार कसे? हिशेब मांडून पाहू. एका शिक्षकाकडे तीस मुले, प्रत्येकाला आठवड्याला दहा मिनिटे, तर आठवड्याचे पाच तास होतात. पवईच्या प्राध्यापकाला हे अशक्य आहे, पण त्याने ते करावे अशी गरजही नाही. विंगेटने सगळी शेते स्वतः तपासली नव्हती. मधल्या फळीला एकसारखे पाहायला शिकवले आणि तिचे काम नमुन्यादाखल तपासले. अशी मधली फळी आपल्याकडे तयार आहे. माध्यमिक शाळांतले कलाशिक्षक, कलाशिक्षकाची पदविका घेऊन बेकार बसलेली मुले, तालुक्याच्या ठिकाणचे फ्लेक्सवाले आणि छापखानेवाले, यांच्यातून ती उभी राहू शकते. त्यांना वरचेवर तपासणारी एक पातळी वर ठेवायची. मुलांनी एकमेकांचे काम तपासावे, हा स्वस्त पर्याय काही मंच वापरतात. तो पूरक म्हणून ठीक, पण नवशिके एकमेकांना ‘छान, मस्त’ याच्यापुढे सहसा काही सांगत नाहीत. आणि यंत्राने तपासावे म्हणाल, तर ओळ वाकडी आहे हे यंत्र सांगेल. भिगवणच्या मासळीवाल्याला ही पाटी कशासाठी हवी आहे, हे त्याला त्या मुलाकडून काढून घेता येणार नाही.

मासळीवाल्याचे नाव उगाच घेतलेले नाही. तपासणी खरी व्हायची तर विषय असा हवा की बांधावर जाऊन ताडता येईल. ऑनलाइन वर्गांत सर्रास दिला जातो तो एखाद्या काल्पनिक कॉफीच्या दुकानाचा लोगो. डाळजच्या मुलाने त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी कॉफीच्या दुकानाची नक्कल करण्यापलीकडे काय करावे? त्याच्या भोवती महामार्गावरच्या हॉटेलांचे फलक आहेत, उजनीतल्या माशांचा बाजार आहे, डाळिंबाच्या पेट्या आहेत, हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी दिशादर्शक पाट्यांची गरज आहे. जवळच भादलवाडीला कागदाचा मोठा कारखाना आहे, ज्याच्या गुळगुळीत कागदावर देशभरची रंगीत छपाई होते. त्या कागदावर शाई कशी बसते हे पाहायला पवई गाठावी लागत नाही. फलक ट्रकच्या वेगात वाचता येतो का, हे रस्त्याच्या कडेला उभे राहून कळते.

म्हणून सुधारणा करायची तर ती आधी रेखाकला परीक्षेपासून करावी. कलासंचालनालयाने निदान संकल्पचित्राच्या पेपरपुरती अंतिम चित्रासोबत कच्ची रेखाटने जोडायला लावावीत, त्यांना वेगळे गुण ठेवावेत, आणि तपासलेल्या कागदाचे छायाचित्र दोन ओळींच्या शेऱ्यासह शाळेकडे परत पाठवावे. मोबाइलच्या काळात हे अवघड नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या सरकारी संस्थांनी नव्या चित्रफितींवरचा थोडा पैसा तालुक्याच्या तपासनिसांच्या मानधनाकडे वळवावा. आणि खासगी वर्गाची फी भरायला निघालेल्या आईवडिलांनी आधी एवढे विचारावे: आमच्या मुलीचे अर्धवट काम कोण पाहणार आणि आठवड्यातून किती वेळा? उत्तर गुळमुळीत आले तर फी भरू नये.